उजेडाची गोटमार

नाही, पण मले एक सांगा, फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाच्या गळ्यात नाटकाची लाईट कोणी बांधते का? बांधते. आमच्या कॉलेजात बांधते. मी स्टाफरूममधी डब्यातली वांग्याची भाजी खाऊन राहिलो होतो, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम आल्या. त्या भोपाळकडच्या, त्याईचं सगळं हिंदीत. म्हणाल्या, "श्रीधर जी, वार्षिकोत्सव में बच्चे नाटक कर रहे हैं, लाइट आप देख लीजिए. आप तो प्रकाश ही पढ़ाते हैं न?" आता याले काय म्हणाचं? उद्या बॉटनीवाल्या सरांले म्हणा का बा, पंगतीचा सयपाक तुमच्याकडं, तुम्ही पालेभाज्या शिकवता. प्रकाश हा धडा आहे हो, आपतन कोन, परावर्तन कोन, आरसा, भिंग, मी फळ्यावर बाण काढतो, पोट्टे वहीत बाण काढतात, परीक्षेत तोच बाण उलटा काढतात, संपला प्रकाश. त्याचा अन् नाटकाचा काय संबंध? पण बाकीचा स्टाफ एका सुरात म्हणते कसा, "अरे सर, टेन्शन कायले घेता, लाईटचं काय आहे, बटन दाबलं का लागते."

घरी आलो तर तेच. इंदू, म्हणजे आमच्या मंडळी, पोळ्या लाटता लाटता म्हणते, "अहो, मंग त्यात एवढं तोंड कायले पाडता? बटन दाबलं का लागते." मी म्हटलं, बरं बाप्पा, लागते तर लागते.

अन् नाटक कशावर, तर गोटमारीवर. आता तुम्ही पांढुर्ण्याचे असान तर तुम्हाले सांगाची गरज नाही, बाहेरचे असान तर थोडक्यात सांगतो. आमचं गाव मध्य प्रदेशात. मधात जाम नदी, अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याले झेंडा, अन् दोन्ही काठावरून लोकं एकामेकाले गोटे मारतात, झेंडा कोण तोडते म्हून. काहून मारतात? तर म्हणतात, फार पूर्वी पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून आणली, नदीच्या मधात आले तेवढ्यात इकडच्याईनंही पाह्यलं अन् तिकडच्याईनंही पाह्यलं, अन् दोन्ही काठावरून गोटे सुरू झाले. ते दोघं तिथीच गेले. खरं का खोटं, कोणी पाह्यलं? पण डोकी मात्र दर साली खरी फुटतात. माझी सासुरवाडी सावरगावची, म्हणजे मी पांढुर्ण्याचा पोरगा अन् इंदू सावरगावची पोरगी. आमच्या लग्नात फक्त अक्षता पडल्या, हे आमचं नशीब.

तर योगेश म्हून आमचा एक एमएचा पोरगा, दाढी वाढवलेला, त्यानं त्या दोघाईचं नाटक लिहिलं अन् तोच बसवून राहिला होता. पोरगी झाली होती उर्मिला, पोरगा अमित. शेवटचा प्रसंग नदीतला, गोटे पडतात, दोघं मरतात, पडदा. अन् लाईटले मदतीसाठी मले कोण दिली, तर मृणाल. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, सौंसरकडची, बापाचा संत्र्याचा बगीचा, पांढुर्ण्यात मावशीकडं राहून शिकून राहिली होती. वर्गात मागच्या बाकावर बसे, एक शब्द बोलत नसे. मले वाटलं, चला, हे पोट्टी बटन दाबन, मी खुर्चीवर बसीन.

पहिल्या दिवशी हॉलात आलो, मी म्हटलं, "हं मृणाल, किती लाईट लागतील तुले?" ते वर पाहून राहिली, खिडक्याईकडं. म्हणते, "सर, लाईट मंग पाहू. पहिले अंधार कुठून आणाचा?"

मी म्हटलं, काय?

"अंधार सर. हॉलात अंधारच नाही."

आता तुम्हाले सांगतो, एवढी वर्षं झाली त्या हॉलात जाऊन राहिलो, भाषणं ऐकली, झोपा काढल्या, पण तिथी अंधार नाही हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मोठमोठ्या खिडक्या, वर झरोके, दारावर काचा, रस्त्यावरच्या खांबाचा उजेड थेट स्टेजवर. लाईट मागाले गेलं तर सारं गाव देते हो, कोणी हॅलोजन देते, कोणी गणपतीची माळ देते, पण अंधार कोणाकडं मागाचा? शेवटी तिच्या बापाच्या बगीच्यातून काळी ताडपत्री आली, संत्र्याच्या गाडीवर घालून, तिले अजून संत्र्याचा वास. पोट्ट्याईनं शिड्या लावून एक एक खिडकी झाकली. शेवटची झाकली अन् हॉल असा काळा झाला का मले माझा हात दिसे ना. अन् त्या अंधारात मृणालचा आवाज आला, हळूच, जशी देवळात बोलून राहिली, "आता होईन काहीतरी."

लाईट आणल्या सौंसरच्या राजूकडून. राजू म्हणजे डीजेवाला, लग्नाची वरात त्याच्याशिवाय निघत नाही. खरमास सुरू होता, लग्नं बंद, म्हून दिल्या त्यानं. मी फोनवर म्हटलं, "राजूभाऊ, नाटकाले पाहिजे, साध्या द्या." "अरे सर, तुम्ही फिकीरच नोका करू, एक नंबर माल देतो." अन् माल कोणता दिला? तालावर नाचणारा. म्हणजे त्या लाईटीच्या पोटात कान असते म्हणे, आवाज झाला का रंग बदलते. आम्हाले काय माहीत? तालीम सुरू झाली, उर्मिला नदीच्या काठावर उभी, आईले शेवटची हाक मारून राहिली, "आई वं..." म्हटलं का स्टेज हिरवं. "मी चालली..." का लाल. तिनं हंबरडा फोडला तर असे रंग उडाले, निळा पिवळा गुलाबी, जसा नवरदेव घोड्यावरून उतरून राहिला. अमित तिच्या पाठीमागं होता, तो खांद्यानं ठेका धराले लागला, सवयीनं. योगेशनं डोक्यावर हात मारला अन् खालीच बसला. मी राजूले फोन केला तर तो म्हणते, "मंग रडाले हळू सांगा ना तिले." शेवटी त्याले मोटारसायकलवर बोलावला, त्यानं मागचं एक बटन दाबलं, लाईटीचे कान बंद झाले. जाता जाता मलेच म्हणते, "पाह्यलं सर? बटन दाबलं का झालं."

हे सगळं मी हसून सांगून राहिलो, पण त्या दिवशी जे पुढं झालं ते ऐका. राजू गेला, एकच पांढरी लाईट उरली होती चालू. मृणालनं उर्मिलाले स्टुलावर बसवली, म्हणते, सर तुम्ही समोर बसून फक्त पाहा. अन् ते लाईट हातात घेऊन फिराले लागली. समोरून धरली, उर्मिला दिसली आयकार्डावरच्या फोटोसारखी. खालून धरली, चेटकीण. बरोबर डोक्यावर धरली, तर डोळ्याच्या खोबण्या काळ्या, जशी आठ दिवसांपासून जेवली नाही. अन् मंग ते हळूहळू बाजूनं आली, अन् अर्धं तोंड उजेडात अन् अर्धं अंधारात झालं. मधात नाकावरून एक रेघ. पोरगी तीच, स्टूल तेच, ते बिचारी कंटाळून बसली होती, कवा सुट्टी होते म्हून. पण मले दिसून राहिलं होतं का हे पोरगी घर सोडून जाऊन राहिली आहे अन् तिले जावंसं वाटत नाही. कुठून दिसलं? तिनं तर काहीच केलं नव्हतं. मी फळ्यावर बाण काढत आलो हो इतकी वर्षं, बाण इकडून आला, बाण तिकडं गेला, पण बाण जिथी जाऊन लागते तिथी माणूस असू शकते, हे काही पुस्तकात दिलं नव्हतं.

बरं, हे झालं. आता अडलं कुठी, तर गोट्यावर. गोटमारीचं नाटक, गोटा तर पाहिजे ना? पहिले थर्माकोलचे केले. फेकले तर ते हवेतच तरंगाले लागले, अर्ध्यातून परत येऊन राहिले. मंग स्पंजचे केले. पहिलाच गोटा उर्मिलाच्या कपाळावर लागला, टुण्णकन उडाला अन् योगेशच्या चहात पडला. ते मराले सांगतलेली पोरगी पोट धरून हसाले लागली. अन् नेमक्या प्रिन्सिपल मॅडम दारात. दुसऱ्या दिवशी फर्मान. "श्रीधर जी, मंच पर कोई वस्तु फेंकी नहीं जाएगी. न असली, न नकली. गाँव के लोग आएँगे, दोनों तरफ़ के. एक ने देखा-देखी सचमुच का उठा लिया तो?" अन् त्याईचं काही चुकत नव्हतं.

योगेश म्हणे नाटकच बंद करतो. मी म्हटलं, लाईटनं दाखवू गोटे. लाल लाईट टाकू. टाकली. दोघं लाल उजेडात हातात हात घालून उभे, सरळ जयमाला दिसली, आता फोटोवाला येते अन् म्हणते थोडं जवळ सरका. फडफडणारी टाकली, तर डीजे. मृणाल एका कोपऱ्यात बसून नखं खाऊन राहिली होती. म्हणते, "सर, खरं सांगू? उजेडानं माराले येत नाही. ज्याच्यावर उजेड पाडान तो चांगलाच दिसते."

अन् तेवढ्यात माझ्या कानावर कुणकुण आली का गावात गोष्ट पसरली. आमचे सासरे, केशवराव, सावरगावात त्याईले सगळे ओळखतात. तरुणपणी गोटमारीतले नावाजलेले. डाव्या भुवईवर खूण आहे, बोटानं दाखवून सांगतात, जसं कोणी मेडल दाखवते. आता वय झालं, गुडघे गेले, तरी त्या दिवशी काठावर हजर. ते घरी आले, इंदूनं चहा दिला, बशीत ओतून फुंकर मारत म्हणाले, "जावईबापू, ऐकलं का तुमच्या कॉलेजात गोटमारीची नक्कल करून राहिले."

मी म्हटलं, "नक्कल नाही मामाजी, नाटक आहे."

"अन् गोटे नाहीत म्हणे त्यात."

"नाहीत."

"मंग काय फुलं मारून राहिले?" अन् बशी खाली ठेवली. "येतो मी पाहाले. आमची चार माणसं घेऊन येतो. परंपरेचा खेळ केला असन तर तिथीच उभा राहून बोलीन, तुम्ही जावई आहा म्हून गप्प बसणार नाही."

ते गेल्यावर इंदू मले म्हणते, "बाबा बोलतात तसं करतात हो." मले माहीत नाही का? अन् सावरगावचे चार आले म्हणजे पांढुर्ण्याचे आठ येणार. मी रात्री नुसता कुशी बदलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉलात डबे खाऊन राहिलो होतो. ताडपत्रीले एका जागी भोक पडलं होतं, तिथून उन्हाची एक बारीक काडी आत आली होती, धुळीतून तिरपी. मृणालनं डब्याचं झाकण उघडलं, स्टीलचं, चकचकीत, अन् ते त्या काडीखाली आलं. छपरावर कवडसा पडला. तिनं मनगट हलवलं, कवडसा भिंतीवरून पळाला. आपण सगळ्याईनं केलं आहे हे शाळेत, मास्तरच्या डोळ्यावर मारला आहे. उर्मिला स्टेजवर उभी राहून आपलं भाषण पाठ करून राहिली होती, तिचं लक्षही नव्हतं. तो कवडसा सरकन गेला अन् तिच्या तोंडावर आदळला.

अन् तिनं हात वर केला, असा, डोकं वाचवाले. मान खाली, खांदा वर. अन् एक पाय मागं.

तिले कोणी सांगतलं नव्हतं हो तसं कराले. महिनाभर योगेश घसा फोडून सांगून राहिला होता, "उर्मिला, गोटा लागला, गोटा लागला असं दाखव," तर ते हात नुसता माशी हाकलल्यासारखा हलवे. अन् आता आपोआप. आम्ही सगळे डब्यात हात तसेच ठेवून पाहून राहिलो. मृणालनं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "परत मार."

अन् इथी माझं फिजिक्स कामाले आलं, हेही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणसान सर नुसते बसले होते. आरसा जेवढा फिरवला त्याच्या दुपटीनं किरण फिरते. हे मी फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवले, एकाही पोट्ट्याले त्याचं काही पडलं नव्हतं. पण तुम्ही हॉलाच्या मागच्या भिंतीशी आरसा घेऊन उभे राहा अन् मनगट नुसतं एवढंसं, एवढंसंच हलवा, कवडसा सगळ्या लोकाईच्या डोक्यावरून असा जाते जसा गोफणीतून सुटला. मी स्वतः करून पाह्यलं. मले वाटलं, हा नियम आपल्याले पाठ होता, पण आपली ओळखच नव्हती त्याच्याशी.

मंग पोट्टे कामाले लागले. घराघरातून आरसे, पेटीतले, कपाटाच्या दाराचे, मोटारसायकलचे सुद्धा. राजूची एक लाईट असते, लग्नात आभाळाकडं जाते ते, बारीक झोताची, तो तिले शार्पी म्हणते. तशा दोन होत्या आमच्याकडं, त्याचं काय कराचं हे समजत नव्हतं म्हून कोपऱ्यात पडून होत्या. त्या ठेवल्या स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यात, पडद्याआड, तोंड हॉलाच्या मागच्या भिंतीकडं. भिंतीशी दोन्ही बाजूले पोट्टे, हातात आरसे, आरशावर फडकं. फडकं काढलं का गोटा सुटला. डावीकडचे पांढुर्णा, उजवीकडचे सावरगाव. योगेश म्हणे मागून दगडाचे आवाज टाकू. मृणाल म्हणे नाही. एक आवाज नको. एवढ्याशा पोरीनं असं "नाही" म्हटलं का दाढीवाला गप्प बसला.

नाटकाचा दिवस आला. संध्याकाळी हॉल खच्चून भरला. अन् आता गंमत पाहा, कोणी सांगतलं नव्हतं, पाटी लावली नव्हती, पण पांढुर्ण्याची म्हातारी मंडळी सगळी डावीकडं बसली अन् सावरगावची सगळी उजवीकडं. मधात रस्ता ठेवला होता, जाजम घालून, बस, नदीच झाली ते. केशवराव पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, काठीवर दोन्ही हात, जसे पंच आले आहेत. मले पाहून मानही हलवली नाही.

नाटक चांगलं चाललं. उर्मिला घर सोडून निघाली तवा ते अर्ध्या तोंडाची लाईट आली, मी स्वतः उजेड कमीजास्त कराचा डिमर सरकवला, बायका नाकाले पदर लावून राहिल्या होत्या. मी मनात म्हटलं, श्रीधरराव, जमलं. अन् शेवटचा प्रसंग आला. दोघं नदीच्या मधात. सगळी लाईट गेली, नुसता निळा उजेड, पाण्यासारखा. आता शार्पी लावाची. उजवीकडची लागली. डावीकडची... नाही लागली.

तुमच्या ध्यानात आलं का, काय झालं ते? सावरगावचा गोटा दिसणार, पांढुर्ण्याचा दिसणार नाही. म्हणजे नाटक काय म्हणून राहिलं? का त्या दोघाईले एकट्या सावरगावानं मारलं. अन् केशवराव बसले समोर, आपली माणसं घेऊन. मी डिमर सोडला अन् अंधारात रांगत, गुडघ्यावर, पडद्यामागून डाव्या कोपऱ्यात गेलो. चाचपलं तर प्लग ढिला. आत दाबला, लाईट लागली. हात काढला, गेली. परत दाबला, लागली. अन् मंग मी समजलो का माझं काय होणार आहे. मी तिथीच मांडी घातली, प्लग दोन्ही हातानं बोर्डात दाबून धरला अन् बसलो. एमएस्सी फिजिक्स. सांगतलं होतं ना सगळ्याईनं, लाईटचं काय आहे, दाबलं का लागते. पण दाबूनच धरा लागते हे कोणी सांगतलं नव्हतं.

अन् तोंड माझं कुठी? लोकाईकडं. मागं वळलो का प्लग हलते. म्हणजे स्टेजवर काय चाललं ते मले काही दिसत नव्हतं. मले दिसत होता फक्त हॉल.

पहिला कवडसा मागच्या भिंतीवरून सुटला. काही आवाज नाही. उजेडाचा एक गोळा, लोकाईच्या डोक्यावरून सरकन गेला. अन् सगळा हॉल खाली वाकला. खोटं नाही सांगत. सगळे. बायका, पोट्टे, सिनियर लोकं, आमचे बॉटनीवाले सर, प्रिन्सिपल मॅडम, भोपाळच्या बाईनं कधी गोटमार पाह्यली असन नसन, त्याही वाकल्या. वाऱ्यानं ज्वारी वाकते तशी माणसं. दुसरा आला इकडून, तिसरा तिकडून, अन् मंग झड लागली. कोणी हसलं नाही. हात डोक्यावर, लेकराचं डोकं मांडीत दाबलेलं. उजेडाले घाबरून राहिले होते लोकं, सांगा तुम्ही, उजेडाले. अन् डावीकडच्याईनं उजवीकडच्या भिंतीकडं पाह्यलं नाही का उजवीकडच्याईनं डावीकडं पाह्यलं नाही. सगळे समोर पाहून राहिले होते.

केशवरावाचा हात भुवईवर गेला. जुन्या खुणेवर. मंग मी पाह्यलं का त्याईचं तोंड उजळून राहिलं आहे, हळूहळू. सगळ्याईचीच तोंडं उजळून राहिली होती. तवा मले समजलं का समोर स्टेजवर काय होऊन राहिलं असन. कवडसे आता हलून नव्हते राहिले, तिथीच थांबून राहिले होते, एकावर एक, त्या पोरीच्या अंगावर. मृणालनं मले हे सांगतलंच नव्हतं. तिनं पोट्ट्याईले सांगतलं होतं, लागलेला गोटा परत घ्याचा नाही. म्हणजे जेवढे गोटे बसत गेले तेवढी ते पोरगी उजळत गेली. उजेडानं माराले येत नाही म्हणत होती ना. तिनं मारलंच नाही. अन् त्या उजळलेल्या पोरीचा उजेड परत फिरून लोकाईच्या तोंडावर पडला होता, अल्याडच्या अन् पल्याडच्या, सारखाच. नियमच आहे तो, उजेड जिथी पडते तिथून परत फिरते. पण मी तो नियम माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा पाहून राहिलो होतो, अन् माझे हात प्लगात, डोळेही पुसता येईनात.

केशवराव उठून उभे राहिले. मी म्हटलं, आता बोलतात. काठी बाजूले पडली. त्याईनं उजवा हात पुढं केला, पंजा उघडा, जसं कोणाले म्हणून राहिले का थांबा. तसेच उभे राहिले. मागच्याईनंही त्याईले खाली बसा म्हटलं नाही.

अन् मंग भिंतीशी एक एक आरसा झाकला जाऊ लागला, अन् लोकाईच्या तोंडावरचा उजेड तसा तसा कमी झाला, अन् शेवटचा गेला. अंधार. संत्र्याच्या ताडपत्रीचा अंधार. कोणी टाळी वाजवली नाही. इतका वेळ गेला का मले वाटलं, फसलं. अन् मंग कुठून तरी एक टाळी आली, अन् मंग काही विचारू नका.

मी तरी प्लग धरूनच बसलो होतो. आता सोडा असं मले सांगाले कोणी आलंच नाही.

बाहेर आलो तर सगळी गर्दी उर्मिला अन् अमितभोवती. कोणी योगेशची दाढी कुरवाळून राहिलं. मी गर्दीतून मागं गेलो. मृणाल एकटी आरसे गोळा करून फडक्यात बांधून राहिली होती. मी म्हटलं, "मृणाल..." अन् फडक्याचं एक टोक धरलं. ते म्हणते, "सर, डावीकडचा पहिला गोटा उशिरा सुटला ना?" मी म्हटलं, "हाव. थोडासा." "मले वाटलंच," म्हणते, अन् गाठ मारली.

केशवरावाले मी स्कूटरवर सोडाले निघालो. पुलावर आलो तर मागून खांद्यावर हात ठेवला, म्हणे थांबवा. खाली जाम नदी, हिवाळ्यातली, नावाले पाणी. काठीनं पल्याडच्या काठावरचा एक दगड दाखवला. मंग म्हणाले, "मी त्या दगडावरून मारत होतो. इतकी वर्षं मारली. मले मधात झेंडाच दिसला जावईबापू. मधात कोणी आहे असं कधी दिसलंच नाही."

मी भीत भीत विचारलं, "मंग मामाजी, यंदा नाही जाणार?"

"जाईन ना," म्हणाले. "नाही गेलो तर लोकं म्हणतील म्हातारा भ्याला. पण आता गोटा उचलाले वाकलो का ते पोट्टी दिसन. वाट लावली ना माझी तुमच्या त्या सौंसरवाल्या पोरीनं." अन् रागावलेले नव्हते हो. जसं कोणी सांगते का डॉक्टरनं मीठ बंद केलं.

इंदू दुपारपासून सावरगावात माहेरीच होती, सयपाक करून वाट पाहून राहिली होती. केशवराव जेवाले बसले अन् त्याईनं तिले सगळं नाटक सांगतलं, पहिल्यापासून, उर्मिला कशी उभी होती, उजेड कसा आला, कसा तिच्या अंगावर साचला, तिचं तोंड कसं झालं, घास हातातच राहिला. इंदूचे डोळे भरून आले. मी कान देऊन ऐकून राहिलो होतो, तुमच्यासारखा. मंग ते माझ्याकडं वळले अन् म्हणाले, "तुम्ही कुठी होते जावईबापू? दिसले नाही."

मी म्हटलं, "होतो. एका कोपऱ्यात होतो."

"कोपऱ्यात कायले?" केशवराव म्हणाले. "पुढं येऊन बसाचं ना. पुढून लय चांगलं दिसत होतं."

तवापासून जो भेटते त्याले मी हेच विचारून राहिलो, तुम्हालेही विचारतो. तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी हॉलात असन तर सांगा बा मले, ते पोरगी दिसत कशी होती? मी काही पाह्यली नाही.